मध्यवर्ती म्हणजे नेमकं कुठे?

केवळ वर्तमानपत्रं वाचून मराठी शिकलेल्या माणसाची अशी समजूत होईल की आपल्या प्रत्येक शहरात 'मध्यवर्ती भाग' नावाची एक वस्ती असते आणि ती भलतीच दुर्दैवी असते. 'शहराच्या मध्यवर्ती भागात भरदिवसा घरफोडी', 'मध्यवर्ती भागात जलवाहिनी फुटली', 'मध्यवर्ती भागातील वाहतुकीत उद्यापासून बदल'. बातम्या सोडल्या तर हा भाग भेटतो तो घरांच्या जाहिरातींत. तिथे मात्र तो शांत, निसर्गरम्य आणि सर्व सोयींपासून हाकेच्या अंतरावर असतो. (हाक कोणी मारायची, हे जाहिरातीत दिलेलं नसतं. अंतरं पाहता ती एखाद्या कसलेल्या शाहिरानेच मारायची असावी.) या दोन ठिकाणांबाहेर हा शब्द कोणी तोंडाने उच्चारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. रिक्षात बसून 'मध्यवर्ती भागात घ्या' असं म्हणून बघावं. रिक्षावाला आधी तुमच्याकडे बघेल, मग मीटर न टाकताच निघून जाईल.

मग बोलताना आपण काय म्हणतो? नागपूरचा माणूस बर्डीला जातो. कोल्हापूरचा महाद्वार रोडला जातो. इंदूरचा मराठी माणूस राजवाड्यावर जातो, आणि तिथे गेल्यावर सराफ्यात काहीतरी खाल्ल्याशिवाय परत येत नाही. तालुक्याच्या गावी सगळं जग स्टँडवर भेटतं. १९४८ च्या जूनमध्ये पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून कितीतरी गावांचा मध्य वेशीतून, चावडीवरून आणि पारावरून उठून गुपचूप स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन बसला आहे. या सगळ्या जागांना मिळून एक नाव द्यायची गरज मराठीला कधी वाटली नाही. आपलं गाव सोडून दुसऱ्याच्या गावालाही मध्य असेल, हे मान्य करायची आपल्याला फारशी सवय नाही, असंही एक कारण असू शकेल.

जरा भारदस्त बोलायचं तर 'शहराचं केंद्र' म्हणता येतं. पण हा शब्द दिसतो तितका सोवळा नाही. ग्रीक भाषेत 'केंत्रोन' म्हणजे टोचायची वस्तू: बैल हाकायच्या पराणीची आर, आणि त्यावरून कर्कटकाचं कागदात रुतणारं टोक. ग्रीकांचं ज्योतिष आपल्याकडे आलं तेव्हा 'होरा'बरोबर हाही शब्द आला, संस्कृतात 'केंद्र' झाला आणि कुंडलीत पहिलं, चौथं, सातवं, दहावं अशी चार घरं अडवून बसला. इंग्रजीतलं 'सेंटर' त्याच आरेचं, लॅटिनच्या वाटेने गेलेलं. म्हणजे मराठीच्या अभिमानाने 'केंद्र' म्हणणारा आणि सवयीने 'सेंटर' म्हणणारा, दोघेही एकाच पराणीने हाकले जात आहेत. मला यात आवडते ती ज्योतिष्यांची गोष्ट. एका कुंडलीला चार-चार केंद्रं असू शकतात हे त्यांना तेव्हा कळलं होतं. नगररचनाकारांना ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

टोचणाऱ्या टोकाची आठवण कोणी खरोखर जपली असेल तर डब्लिनने. तिथल्या मुख्य रस्त्याच्या मधोमध नेल्सन या इंग्रज दर्यासारंगाचा खांब होता. ट्रामगाड्या तिथून सुटत, तिथेच येऊन थांबत, आणि आयरिश माणसं एका इंग्रज माणसाच्या पायाशी एकमेकांची वाट बघत उभी राहत. १९६६ मध्ये कोणीतरी तो स्फोटाने उडवला. त्या जागी २००३ मध्ये १२० मीटर उंचीची पोलादी सुई उभी राहिली. तिच्यावर कोणी बसलेलं नाही, कोणी उभं नाही, नुसती सुई. शहराच्या बरोब्बर मध्ये कर्कटक रोवावं आणि काढायचं राहून जावं, तशी. तिकडे येणाऱ्या बसवर आयरिश भाषेत 'अन लार' अशी पाटी असते. अर्थ एवढाच की 'मध्य'. नव्या पाहुण्यांना ते एखादं लांबचं उपनगर वाटतं आणि सगळ्या बस तिकडेच कशा जातात याचं नवल करत ती मंडळी ज्या जागी उभी असतात, ती अन लारच असते.

आता कर्कटक आलं की वर्तुळ आलं, आणि वर्तुळाचा सोस असलेली शहरंही आहेत. पॅरिसने १८६० मध्ये आपले वीस प्रभाग मध्यापासून सुरू करून गोल गोल बाहेर नेले आणि पुढे देशाचे रस्ते मोजायला नोत्र दाम चर्चसमोर शून्याची चकती जमिनीत बसवली. २०२० पासून पहिले चार प्रभाग एकत्र करून त्यांचं नावच 'पॅरिस मध्य' ठेवलं आहे. शिस्तीचे लोक आहेत. शून्य मैलाचा खांब आपल्या नागपुरातही आहे, १९०७ सालचा, शेजारी चार दगडी घोडे. हा देशाचा मध्यबिंदू, असं तिथे येणाऱ्याला अभिमानाने सांगितलं जातं. पण खरेदीला कोणी शून्य मैलावर जात नाही. मेट्रोचं झिरो माइल स्टेशन मागे टाकून नागपूरकर पुढच्याच सीताबर्डीला उतरतो. देशाचा मध्य असेना का तिथे. कापडाची दुकानं बर्डीला आहेत.

मुंबईत वर्तुळ काढायला घेतलं तर अर्ध्याहून अधिक समुद्रात जाईल. या शहराने आपला मध्य दक्षिणेच्या टोकाला, तीन बाजूंनी पाणी असलेल्या जागी ठेवला, कारण इंग्रजांची तटबंदी तिथे होती. तिला अपोलो, चर्च आणि बझार असे तीन दरवाजे होते. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने तट पाडून टाकला. भाषेतला तट मात्र त्याला पाडता आला नाही. गिरगावातली माणसं पुढे कित्येक वर्षं 'कोटात' नोकरीला जात राहिली, आणि कोटातून सुटून घरी येत राहिली. चर्चगेट नावाचा दरवाजा जिथे होता तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं, दरवाजाचं नाव जरा पलीकडच्या रेल्वे स्टेशनने उचललं, आणि आजतागायत लाखो लोक रोज सकाळी त्या नसलेल्या दरवाजातून आत जातात व संध्याकाळी बाहेर पडतात. फाउंटनच्या चौकाला पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं नाव मिळालं. त्यामुळे एकाच ठिकाणी पोहोचायला एकजण फाउंटन विचारतो, दुसरा हुतात्मा चौक, आणि दोघांनाही बसचा वाहक 'फोर्ट' म्हणून उतरवतो.

उपनगरातला आजचा तरुण कोटात जात नाही. तो 'टाउनला' जातो. टाउन म्हणजे शहर, तर मग आपण अंधेरीत राहतो ते काय, असा प्रश्न त्याला पडत नाही. डोंबिवलीकराचं त्याहून सरळ आहे. तो रोज 'मुंबईला' जातो, जणू दरवेळी नव्यानेच निघालाय. रेल्वेच्या हिशेबाने तो वर जातो: चर्चगेटकडे, सीएसएमटीकडे जाणारी गाडी 'अप', आणि विरार-कर्जतकडे जाणारी 'डाउन'. नकाशात बघितलं तर अप गाडी सरळ खाली, दक्षिणेला निघालेली असते. जपानी रेल्वेतही टोकियोकडे जाणारी गाडी चढती आणि टोकियोहून निघणारी उतरती. वाटेत डोंगर येवो की उतार, राजधानीकडे माणूस चढतच जातो.

इथे मॅनहॅटनने वेगळाच निकाल दिला. बेट मुंबईसारखंच लांबट, वस्तीची सुरुवातही दक्षिण टोकाला, वाढ उत्तरेकडे. पण तिथल्या लोकांनी रेल्वेचं न ऐकता नकाशाचं ऐकलं. उत्तर वर, दक्षिण खाली. जुना धंद्याचा भाग खाली राहिला, म्हणून तो डाउनटाउन. इतकी घरगुती गोष्ट. पुढे हा शब्द एकोणिसाव्या शतकात सगळ्या अमेरिकेत पसरला आणि जाताना आपला भूगोल मागेच विसरला. क्लीव्हलँडचं डाउनटाउन शहराच्या उत्तर काठावर, ईरी सरोवराला टेकलेलं आहे. लोक बिनतक्रार वरच्या दिशेने 'खाली' जातात.

या शब्दाचा जगभर गवगवा झाला तो १९६४ मध्ये पेटुला क्लार्कने गायलेल्या 'डाउनटाउन' या गाण्याने. गीत आणि संगीत दोन्ही टोनी हॅच या इंग्रज संगीतकाराचं. त्याची न्यूयॉर्कला पहिलीच भेट. संध्याकाळी टाइम्स स्क्वेअरचे दिवे बघून तो भारावला आणि हेच ते डाउनटाउन असं समजून त्याने गाणं रचलं. टाइम्स स्क्वेअर येतो मिडटाउनमध्ये. डाउनटाउन तिथून बरंच खाली. पण न्यूयॉर्ककरांनी फार मनावर घेतलं नाही; गाणं १९६५ च्या जानेवारीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मला यात हॅचची चूक काही मोठी वाटत नाही. लंडनहून आलेल्या माणसाला जिथे दिवे जास्त तोच शहराचा मध्य वाटणार. आपल्याकडे तर शेतात उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांना डाउनटाउन नाव देतात, आणि तिथे संध्याकाळी दिवेही असतातच असं नाही.

सगळ्यात लाडकी गोष्ट मेक्सिकोची. १८४३ मध्ये सांता आना नावाच्या राष्ट्राध्यक्षाने मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात स्वातंत्र्याचं भव्य स्मारक उभारायचं ठरवलं. काम सुरू झालं, जोतं बांधून झालं आणि पुढे काही झालं नाही. असं का झालं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. स्पॅनिश भाषेत जोत्याला 'सोकालो' म्हणतात. लोक म्हणू लागले, जोत्यापाशी भेटू. मग म्हणू लागले, जोत्यावर भेटू. पुढे ते जोतंही गेलं, पण चौकाचं नाव सोकालोच राहिलं. संविधान चौक हे अधिकृत नाव कागदावर शोभेला आहे. आणि एवढ्यावर थांबतील तर ते लोक कसले? मेक्सिकोतल्या इतर गावांनीही आपापल्या मुख्य चौकाला सोकालो म्हणायला सुरुवात केली. जिथे कधी स्मारक ठरलं नव्हतं, जोतं बांधलं नव्हतं, तिथेही माणसं संध्याकाळी जोत्यावर जाऊन कणसं खात बसतात. एका सरकारचं अर्धवट राहिलेलं काम देशभराच्या भाषेत असं कायम झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्याकडे भूमिपूजनाच्या कोनशिला एवढ्या आहेत की ही पद्धत घेतली तर 'कोनशिलेवर भेटू' असं म्हणून कोणीच कोणाला भेटणार नाही.

नसलेल्या वस्तूचं नाव घेऊन जागा चालवण्यात बंगळूरही मागे नाही. तिथल्या मुख्य बसस्थानकाच्या परिसराला सगळे 'मॅजेस्टिक' म्हणतात. ते एका थिएटरचं नाव. थिएटर केव्हाच पाडलं. स्थानकाला शहर वसवणाऱ्या केंपेगौडांचं नाव आहे, तरी वाहक ओरडतो ते मॅजेस्टिकच. लोक शहर वसवणाऱ्याला विसरतात, सिनेमाला विसरत नाहीत. पुण्यातल्या टिळक चौकाला विचारावं. अलका टॉकीज चौक म्हटल्याशिवाय तो ओ देत नाही.

याउलट, नाव आधी आणि जागा नंतर असाही प्रकार आहे. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. शहर एका मध्याभोवती न वाढवता वेगवेगळ्या वसाहतींचं करायचं, आणि त्यांतल्या एकीला व्यापारउदिमाचा मध्य म्हणायचं, असं ठरलं. सरकारी कचेऱ्याही तिकडे हलाव्यात अशी नियोजनकारांची इच्छा होती. मंत्रालय अर्थातच हललं नाही. पण आराखड्यातली 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट' ही अक्षरं तेवढी खाली जमिनीवर उतरली आणि लोकांच्या जिभेवर जाऊन बसली. आज रेल्वे स्टेशनचं नाव सीबीडी बेलापूर. घरकाम करणाऱ्या मावशी सांगतात, 'माझी मुलगी सीबीडीत दिलीय.' सीबीडी म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारत नाही, जसं पनवेल म्हणजे काय हेही कोणी विचारत नाही. आणि त्याच्या पलीकडे जुनं बेलापूर आहेच, देवळासकट आणि किल्ल्याच्या अवशेषांसकट. त्याला म्हणतात बेलापूरगाव. टोकियोवाले या बाबतीत आणखी पुढे गेले. त्यांचा मध्य राजवाड्याभोवती, आणि राजवाड्यात सामान्य माणसाला एरवी प्रवेश नाही. तेव्हा धंद्यासाठी त्यांनी 'उपमध्य' नेमले. शिंजुकू, शिबुया, इकेबुकुरो हे त्यांतले तीन. २००८ मध्ये या तिन्हींना जोडणारी जी भुयारी रेल्वे सुरू झाली तिचं नावच 'उपमध्य मार्ग'. एक मुख्यमंत्री आणि दोन-तीन उपमुख्यमंत्री ही व्यवस्था आपल्यालाही परकी नाही, त्यामुळे याचं फार नवल वाटायला नको.

राजकारण आलंच आहे तर बर्लिनला जाऊन येऊ. तिथल्या एका प्रभागाचं नावच 'मिट्टे', म्हणजे मध्य. १९६१ मध्ये भिंत उभी राहिली तेव्हा मिट्टे पूर्व बर्लिनमध्ये गेला, आणि तोही भिंतीला लागून. मध्य नावाचा प्रभाग एका देशाच्या काठावर येऊन उभा राहिला. पश्चिमेकडच्यांनी प्राणिसंग्रहालयाच्या स्टेशनाजवळ आपला दुसरा मध्य मांडला, दुकानं थाटली, दिवे लावले. १९८९ मध्ये भिंत गेली आणि एका शहराच्या पदरी दोन मध्य आले, कुंडलीच्या हिशेबाने अजून दोन कमीच. फिनलंडची तऱ्हा याहून गमतीची. फिनिश भाषेत शहराच्या मध्याला 'केस्कुस्ता' म्हणतात. तिथे शेतकऱ्यांचा एक जुना पक्ष होता, नाव कृषक संघ. १९६५ मध्ये त्याने कात टाकायचं ठरवलं आणि डावे-उजवे यांच्या मधला म्हणून केंद्र पक्ष हे नाव घेतलं, तोही केस्कुस्ता. त्याची खरी ताकद गोठ्यांत, शेतांत, जंगलांत. हेलसिंकीच्या केस्कुस्तात मात्र केस्कुस्ताला मतं मिळण्याची मारामार.

ग्वाल्हेरची कथा आपल्या घरची म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. फौजेचा तळ तो, त्यामुळे नाव लष्कर. तंबू, घोडे, बाजारबुणगे. तळ हलायचा असतो, पण हा हललाच नाही. तंबूंचे वाडे झाले, बाजारबुणग्यांची पेढी झाली, आणि लष्कर हाच ग्वाल्हेरचा मुख्य भाग होऊन बसला. तिथे मराठी घरांत आजही महाराज बाड्यावर जायचं म्हटलं की चपला घालायची गडबड सुरू होते. छावणी उठली नाही की तिचं शहर होतं. पुण्यातही इंग्रजांचं एक लष्कर बसलेलं होतं. त्याला पुणेकर 'कॅम्प' म्हणतात, आणि तिथे जाण्यात थोडं परदेशगमन असतं. श्रूसबरी बिस्किटं कॅम्पातून आणायची. हातात पिशवी असली तरी पॅन्ट जरा बरी घालायची.

पण पुण्याचा मूळ मध्य वेगळा. कोथरूड, वारजे, बिबवेवाडी, औंध, कुठूनही निघालेली पुणेकरीण घरात सांगते, 'मी जरा गावात जाऊन येते.' बाहेरून आलेल्याला यात काही चुकल्यासारखं वाटतं. एवढ्या मोठ्या शहरात राहणारी बाई गावात कशी जाते? गावातून शहरात जायची रीत असते. तर गाव म्हणजे कसब्यापासून स्वारगेटच्या अलीकडेपर्यंतच्या पेठा. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, असे सातही वार तिथे वस्तीला आहेत. शिवाय सदाशिव, नारायण, नाना, भवानी अशी माणसं-देवही. मंडई तिथे, तुळशीबाग तिथे, सोनं-साड्या लक्ष्मी रस्त्यावर, वह्या-पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. कसबा गणपती हा या सगळ्याचा देव आणि त्याला अजूनही ग्रामदैवत म्हणतात. महानगरपालिका झाली, स्मार्ट सिटी झाली, देवाच्या दफ्तरी मात्र ग्रामच. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं, आणि त्यानंतर कितीतरी कुटुंबं पुलापलीकडे नव्या वसाहतींत राहायला गेली. घर गेलं, पत्ता बदलला. बोलणं बदललं नाही. गाव मागे राहिलेलं होतं, त्यामुळे तिथे जायचं म्हणजे गावात जायचं.

या बाबतीत पुणेकराला जोडीदार भेटतात ते फार लांबचे. व्हिएन्नाचा तट पाडण्याचा हुकूम सम्राट फ्रांझ जोसेफने १८५७ मध्ये काढला. तटाच्या जागी रुंद रस्ता झाला. पण आजही व्हिएन्नाच्या इतर प्रभागांतली माणसं 'शहरात जातो' म्हणतात आणि जातात ती पहिल्या प्रभागात. जणू बाकी बावीस प्रभाग म्हणजे वाड्या-वस्त्या. जॉर्डनमधलं अम्मान टेकड्यांवर पसरलंय आणि जुना बाजार खाली दरीत. त्या बाजाराला ते 'बलद' म्हणतात. अरबीत बलद म्हणजे गावही आणि देशही. टेकडीवरची बाई खाली बलदमध्ये उतरते तेव्हा ती मंडईत चाललेली असते की मायदेशी, हे शब्दावरून कळत नाही. भाजीची पिशवी बघून ओळखायचं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. मध्य ठरवणारे सगळे मध्याबाहेरचे असतात. गावात जाते म्हणणारी कोथरूडची, टाउनला जातो म्हणणारा अंधेरीचा. जो मुळात आत राहतो त्याला या शब्दांचा काही उपयोग नाही. सदाशिव पेठेतला माणूस कुठेच जात नाही. कोपऱ्यावर जातो, खाली जातो, फार तर मंडईत जातो. जुना वाडा पाडून इमारत होताना त्याला दोन-तीन वर्षं सिंहगड रस्त्याला भाड्याने राहावं लागतं तेवढाच त्याचा वनवास. तिथे तो पहिल्या आठवड्यात गावात जाऊन येतो म्हणायला लागतो आणि स्वतःच दचकतो.

आतल्यांच्या भाषेत बाहेरच्या जगाला कोणता शब्द आहे, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. गावातल्या एका गल्लीत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मालक वयस्कर, दुपारी एक ते चार बंद हे सांगायला नको. एकदा सकाळी अकराला गेलो तर शटर खाली आणि त्यावर सुवाच्य अक्षरांत पाटी: 'मालक बाहेरगावी गेले असल्याने दुकान आज बंद राहील. शटर वाजवू नये.' दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठे गेला होतात?

भिंग डोळ्याला लावलेलं तसंच ठेवून म्हणाले, 'बाणेरला. मुलीकडे.'